विहीर न खणता तेलाचा बादशहा झाला : रॉकफेलरने सगळा डाव जिंकला तो टँकरच्या जोरावर

रॉकेल म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रेशनच्या दुकानातली रांग, हातातला कॅन, स्टोव्ह आणि तो वास. जुन्या पिढीतली माणसं त्यालाच घासलेट म्हणायची.

आता रॉकेल आणि रॉकफेलर ही दोन नावं शेजारी ठेवली की वाटतं, यांचं काहीतरी नातं असणार. शब्दापुरतं तरी ते नाही. रॉकेल हा शब्द इंग्रजीतल्या रॉक ऑइल म्हणजे दगडातलं तेल यावरून आलाय. पण एकोणिसाव्या शतकात भारतात जे अमेरिकन रॉकेल पत्र्याच्या डब्यातून यायचं, त्याचा धंदा मात्र खरंच रॉकफेलरच्या मुठीत होता.

जॉन डी. रॉकफेलर म्हणजे तेलाचा राजा, जगातला पहिला अब्जाधीश वगैरे आपण ऐकून असतो. पण एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ज्या काळात या माणसाने तेलाच्या धंद्यावर कब्जा केला, त्या काळात तो तेलाच्या विहिरी खणत नव्हता. विहिरी दुसऱ्यांच्या होत्या. त्याने ताब्यात घेतला तो विहिरीपासून दिव्यापर्यंतचा रस्ता. पिंपं, रेल्वेच्या टाक्या, पाइपलाइन आणि घोड्यांनी ओढायचे टँकर.

हे त्याने कसं केलं, त्यात कोण कोण चिरडलं गेलं, तीच ही गोष्ट.

बिलं तपासणारा पोरगा

रॉकफेलरचा जन्म ८ जुलै १८३९ चा. न्यूयॉर्क राज्यातलं रिचफर्ड हे त्याचं गाव. वडील गावोगाव फिरून कसलीबसली औषधं विकणारे, महिनोन्महिने घरातून गायब असणारे. आई एलायझा मात्र कडक, धार्मिक आणि पै-पैचा हिशोब ठेवणारी. पोरगा आईवर गेला.

पुढे कुटुंब ओहायो राज्यात क्लीव्हलँडजवळ आलं. २६ सप्टेंबर १८५५ ला, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याला हेविट अँड टटल या अडत्यांच्या पेढीत हिशोबनिसाच्या मदतनिसाची नोकरी लागली. या दिवसाचं त्याला इतकं कौतुक होतं, की पुढे आयुष्यभर तो २६ सप्टेंबर सणासारखा साजरा करायचा.

तिथे तो शिकला काय, तर माल वाहून नेण्याचा हिशोब. समजा व्हरमाँटहून संगमरवर निघाला. तो आधी रेल्वेने, मग कालव्यातून, मग तलावातून जहाजाने क्लीव्हलँडला पोहोचायचा. वाटेत तुटफूट झाली तर नुकसान कोणी किती सोसायचं, हे ठरवायचं काम या पोराकडे असायचं. मालाची किंमत एक आणि तो पोहोचवण्याची किंमत वेगळी, हे त्याच्या डोक्यात सोळाव्या वर्षीच पक्कं बसलं.

तेल स्वस्त, पिंप महाग

ऑगस्ट १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावात एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं. बघता बघता त्या डोंगराळ भागात झुंबड उडाली. जो तो जमीन घेऊन खणायला लागला.

तेल तर निघालं, पण ठेवायचं कशात? हाताला लागली ती दारूची लाकडी पिंपं. त्यात तेल भरायचं, पिंपं घोडागाडीवर चढवायची आणि गुडघाभर चिखलातून रेल्वे स्टेशनपर्यंत न्यायची. गाडीवानांची तेव्हा अशी चलती होती, की काही मैलांच्या त्या चिखलाच्या रस्त्याचं भाडं पुढच्या शेकडो मैलांच्या रेल्वे भाड्यापेक्षा जास्त व्हायचं.

पिंपाचं माप पुढे ४२ गॅलन ठरलं. म्हणजे साधारण १५९ लिटर. आज बातम्यांमध्ये कच्च्या तेलाचा भाव प्रति बॅरल सांगतात ना, ते बॅरल हेच. लाकडी पिंपं गेली, माप तेवढं राहिलं.

पिंपाची अडचण अशी होती, की ते गळायचं, ते स्वतःच जड होतं आणि रिकामं झालं की परत आणायचा खर्च वेगळा. कधीकधी तर आतल्या तेलापेक्षा पिंपच महाग पडायचं.

यावर १८६५ मध्ये डेन्समोर नावाच्या भावांनी एक जुगाड केला. रेल्वेच्या सपाट वाघिणीवर दोन मोठ्या लाकडी टाक्या उभ्या ठोकल्या. दोन्ही मिळून साधारण ८० ते ९० पिंपं तेल बसायचं, म्हणजे १३ हजार लिटरच्या आसपास. रेल्वेवरचा हा तेलाचा पहिला टँकर. पण टाक्या उभ्या असल्याने वाघीण वरून जड व्हायची, वळणावर धोका असायचा. चार-पाच वर्षांतच त्या जागी लोखंडाची आडवी गोल टाकी आली. आज मालगाडीवर जी दिसते, तिची ही पणजी.

त्याच वर्षी सॅम्युअल व्हॅन सिकल या माणसाने पाच-सहा मैलांची पाइपलाइन टाकली. पोटावर पाय येणार म्हटल्यावर गाडीवानांनी ती फोडायला सुरुवात केली. शेवटी तिच्यावर पहारा बसवावा लागला.

साठ डब्यांचा सौदा

या सगळ्या गोंधळापासून रॉकफेलर लांब होता. विहीर म्हणजे जुगार, आज तेल लागेल, उद्या आटेल, असं त्याचं गणित. त्याने १८६३ मध्ये क्लीव्हलँडला भागीदारीत रिफायनरी काढली. १८६५ मध्ये भागीदारांशी वाजलं. धंद्याचा आपसात लिलाव झाला आणि ७२,५०० डॉलरची बोली लावून पंचविशीतल्या रॉकफेलरने तो घेतला.

मग त्याने एकेक गळती बंद करायला घेतली. बाहेरून विकत घेतलेलं पिंप अडीच डॉलरला पडायचं. त्याने स्वतः ओकचं लाकूड विकत घेतलं, ते जंगलातच वाळवलं (ओलं लाकूड जड, त्यामुळे भाडंही जास्त) आणि स्वतःच्या कारखान्यात एक डॉलरच्या आत पिंप तयार केलं.

निर्यातीचे पत्र्याचे डबे बंद करायला सोल्डरिंगचे ४० थेंब लागायचे. त्याने ३८ थेंब टाकून बघायला सांगितलं. काही डबे गळले. मग ३९ टाकले, एकही गळला नाही. तेव्हापासून ३९ हाच नियम झाला. लाखो डबे म्हटल्यावर एका थेंबाचेही पैसे होतात.

पण खरी मेख होती रेल्वेत. हेन्री फ्लॅगलर हा त्याचा भागीदार लेक शोअर रेल्वेकडे गेला आणि म्हणाला, आम्ही रोज साठ डबे तेल देऊ. रोज म्हणजे रोज.

रेल्वेला यात काय फायदा? तर तोपर्यंत सगळे व्यापारी कधी दोन डबे, कधी पाच डबे असा माल द्यायचे. डबे वाटेत जोडत-तोडत न्यूयॉर्कला जाऊन परत यायला ३० दिवस लागायचे. या हिशोबाने रोज साठ डबे पाठवायचे तर १,८०० डबे फिरते ठेवावे लागले असते. तेच रोज ठरलेली अख्खी गाडी एकदम सुटली तर फेरी १० दिवसांत पूर्ण होणार आणि ६०० डब्यांत काम भागणार.

रेल्वे खूश झाली. कच्चं तेल क्लीव्हलँडला आणायचं आणि शुद्ध केलेलं न्यूयॉर्कला पोहोचवायचं, याचा जाहीर दर पिंपाला २.४० डॉलर होता. रॉकफेलरला तो गुपचूप १.६५ डॉलर पडला.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागेल. रेल्वेचा खर्च खरोखर कमी होत होता, त्यामुळे सूट अगदीच हवेतली नव्हती. पण ती गुप्त होती. शेजारच्या छोट्या रिफायनरीवाल्याला आपण का मागे पडतोय हे कळायला मार्ग नव्हता, आणि कळलं तरी रोज साठ डबे तो आणणार कुठून?

सहा आठवड्यांत बावीस कंपन्या

१० जानेवारी १८७० ला स्टँडर्ड ऑइल कंपनी उभी राहिली. भांडवल दहा लाख डॉलर.

दोनच वर्षांनी एक भलतीच योजना समोर आली. साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी. काही निवडक रिफायनऱ्या आणि तीन मोठ्या रेल्वे यांनी मिळून ठरवलं, की सगळ्यांचं भाडं वाढवायचं. आपल्या लोकांना त्यातून सूट द्यायची. एवढ्यावर थांबायचं नाही, तर प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या भाड्यातलाही वाटा आपल्या लोकांना द्यायचा. म्हणजे समोरच्याने माल पाठवला की पैसे तुमच्या खिशात.

बातमी फुटली आणि टायटसव्हिलकडच्या लोकांनी रान पेटवलं. मोर्चे निघाले, या टोळीला तेल विकायचं नाही अशा शपथा घेतल्या गेल्या. योजनेखाली एक पिंपही जायच्या आधी ती बारगळली.

पण तेवढ्या काळात रॉकफेलरने काम उरकलं होतं. क्लीव्हलँडमधल्या एकेका रिफायनरीवाल्याला बोलावून वह्या दाखवायच्या आणि पर्याय द्यायचा, एकतर विका, नाहीतर आमचे शेअर घ्या. २६ पैकी २२ जणांनी फेब्रुवारी-मार्च १८७२ च्या साधारण सहा आठवड्यांत धंदा सोडला. यात त्याचा सख्खा भाऊ फ्रँक ज्या कंपनीत होता, तीही गेली. फ्रँकने हे आयुष्यभर मनात ठेवलं. पुढे त्याने आपल्या दोन मृत मुलांची शवं घराण्याच्या दफनभूमीतून काढून दुसरीकडे पुरली.

त्या मोर्च्यांच्या गावात फ्रँकलिन टार्बेल नावाचा एक माणूस राहायचा. तेल साठवायच्या लाकडी टाक्या बनवून तो वर आला होता, नंतर तेलाच्या धंद्यात उतरला. त्याची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. रोज हसत-गात घरी येणारे वडील गप्प झालेले तिने पाहिले. तिचं नाव आयडा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

ज्याचे टँकर, त्याची रेल्वे

रेल्वे कंपन्यांना टँकर वाघिणींवर पैसा घालायचा नव्हता. साध्या डब्यात धान्य, कोळसा, यंत्रं काहीही नेता येतं. तेलाच्या टाकीत तेलाशिवाय काय नेणार? उद्या विहिरी आटल्या तर ते भंगार.

रॉकफेलर म्हणाला, हरकत नाही, टाक्या आम्ही घेतो, तुम्ही भाड्याने चालवा. १८७० च्या दशकात ईरी आणि न्यूयॉर्क सेंट्रल या दोन बड्या रेल्वेंवरच्या जवळजवळ सगळ्या तेलवाघिणी स्टँडर्डच्या झाल्या. रूळ रेल्वेचे, इंजिन रेल्वेचं, पण तेलाच्या टाक्या रॉकफेलरच्या. त्या टाक्या प्रत्येक मैल चालल्या की रेल्वेच त्याला पैसे देणार. आणि दर पटला नाही तर टाक्या काढून घेऊ म्हटलं की रेल्वे गार.

छोट्या रिफायनरीवाल्याचं मरण वेगळंच होतं. त्याच्याकडे टँकर नाही, म्हणजे तेल पिंपातून जाणार. अनेक मार्गांवर पिंपाच्या लाकडाच्या वजनाचंही भाडं लागायचं. टँकरला मात्र फक्त तेलाचं. तेच तेल, तोच मार्ग, पण पिंपवाल्याला पहिल्या मैलापासूनच तोटा.

१८७७ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेल्वेने डोकं वर काढलं. तिच्या हाताखालच्या एम्पायर कंपनीने स्वतःच्या रिफायनऱ्या घ्यायला सुरुवात केली. रॉकफेलरने त्या रेल्वेला एक थेंब तेल द्यायचं बंद केलं आणि बाजारात भाव पाडले. आधीच मंदी, त्यात पगारकपात. जुलैमध्ये अमेरिकेत रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला, पिट्सबर्गमध्ये गोळीबार झाला, शंभरावर इंजिनं जळाली. ऑक्टोबरमध्ये रेल्वेने शरणागती पत्करून एम्पायरची मालमत्ता स्टँडर्डला विकली.

दोन वर्षांनी काही स्वतंत्र तेलवाल्यांनी शेवटचा मोठा डाव टाकला. टाइडवॉटर नावाची १०९ मैलांची, सहा इंची पाइपलाइन त्यांनी अ‍ॅलेघनी डोंगर ओलांडून नेली. डोंगरावरून तेल चढणारच नाही म्हणणारे बरेच होते. १८७९ च्या जूनमध्ये ते विल्यम्सपोर्टला पोहोचलं. रॉकफेलरने काय केलं? स्वतःच्या लांब पल्ल्याच्या पाइपलाइन टाकल्या आणि टाइडवॉटरमध्येही शिरकाव केला. तोपर्यंत अमेरिकेतलं साधारण ९० टक्के तेल त्याच्या रिफायनऱ्यांत शुद्ध होत होतं.

शहरातल्या गल्लीबोळांतही तेच. स्टँडर्डच्या घोड्यांच्या टाकीगाड्या थेट किराणा दुकानाच्या दारात रॉकेल ओतायच्या. प्रतिस्पर्ध्याचं पिंप कोणत्या स्टेशनवर कोणाकडे उतरलं याची खबर रेल्वेच्या कारकुनांकडून मिळायची.

जॉर्ज राइसचे ३५ सेंट

ओहायोमधल्या मॅरिएटा गावात जॉर्ज राइस याची छोटी रिफायनरी होती. त्याने विकायला नकार दिला. १८८५ मध्ये एका स्थानिक रेल्वेचं प्रकरण कोर्टात आलं तेव्हा कळलं, की राइसकडून पिंपाला ३५ सेंट घेतले जातात आणि स्टँडर्डकडून १० सेंट. त्यावर कडी म्हणजे राइसच्या ३५ पैकी २५ सेंट रेल्वे स्टँडर्डच्या हवाली करायची. १८७२ मध्ये बारगळलेली योजना इथे चक्क चालू होती. न्यायाधीशांनी त्या रेल्वेवर कोर्टाने नेमलेल्या प्रशासकाला पदावरून काढून टाकलं.

राइस पुढे कित्येक वर्षं लढत राहिला. आयोगापुढे, कोर्टात, चौकशी समित्यांत. पिंप आणि टँकरच्या दरातला भेद सरकारदरबारी नोंदला गेला त्यात त्याचा वाटा मोठा होता.

प्रत्येक डब्याला २० हजार डॉलर दंड

१९०२ मध्ये मॅक्ल्युअर्स मासिकात एक लेखमाला सुरू झाली. लेखिका आयडा टार्बेल. टाक्या बनवणाऱ्या फ्रँकलिनची मुलगी. तिने कोर्टाचे कागद, साक्षी, जुन्या फाइली उपसून स्टँडर्ड ऑइलचा इतिहास मांडला. शोधपत्रकारितेतलं ते आजही मोठं काम मानलं जातं. त्याचा गाभा होता रेल्वेचं भाडं.

१९०७ मध्ये न्यायाधीश लँडिस यांनी स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियानाला दंड ठोठावला. व्हाइटिंगहून ईस्ट सेंट लुइसला तेल नेताना जाहीर दर होता १८ सेंट, कंपनी देत होती ६ सेंट. न्यायाधीशांनी प्रत्येक डबा हा वेगळा गुन्हा धरला. १,४६२ डबे, प्रत्येकी २० हजार डॉलर. एकूण २ कोटी ९२ लाख ४० हजार डॉलर.

तार आली तेव्हा रॉकफेलर गोल्फ खेळत होता. त्याने ती वाचली, खिशात ठेवली आणि खेळ पुढे चालू केला. दंड पुढच्याच वर्षी वरच्या कोर्टात रद्द झाला.

पण १५ मे १९११ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने स्टँडर्ड ऑइल मोडायचा आदेश दिला. तिच्या ३४ कंपन्या झाल्या. गंमत म्हणजे यात रॉकफेलर आणखी श्रीमंत झाला. मोटारगाड्या आल्या होत्या, पेट्रोलची मागणी वाढत होती आणि सुट्या कंपन्यांचे शेअर वर गेले. १९१३ मध्ये त्याची संपत्ती साधारण ९० कोटी डॉलर होती.

दोन वह्या

पहिल्या पगारापासून तो चर्चला पैसे द्यायचा आणि ते वहीत लिहायचा. ही सवय पुढे संस्थांमध्ये बदलली. शिकागो विद्यापीठ, वैद्यकीय संशोधन संस्था आणि १९१३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन. याच फाउंडेशनने आयसीएमआरसोबत १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केलं. आज ते एनआयव्ही म्हणून ओळखलं जातं. कोरोनाच्या सुरुवातीला देशभरातले नमुने जिथे तपासले गेले, ती हीच संस्था.

मग हा माणूस चांगला की वाईट? त्याच्यामुळे रॉकेल स्वस्त झालं आणि गरिबाच्या घरात रात्री दिवा लागला, हे खरं. राइसच्या खिशातले २५ सेंट त्याच्या कंपनीकडे गेले, हेही खरं. दान केल्याने दुसऱ्या वहीतली नोंद खोडली जात नाही.

२३ मे १९३७ ला फ्लोरिडात, वयाच्या ९७ व्या वर्षी रॉकफेलर गेला.

आज किती मावतं?

डेन्समोर भावांच्या दोन लाकडी टाक्यांत १३ हजार लिटर मावायचं. आज अमेरिकेतल्या एका तेलवाघिणीत साधारण ३० हजार गॅलन म्हणजे १ लाख १३ हजार लिटर बसतं. तिथला रस्त्यावरचा मोठा टँकर ९ हजार गॅलन, म्हणजे ३४ हजार लिटरच्या आसपास नेतो. म्हणजे एक वाघीण रिकामी करायला तीन-चार टँकर लागतात.

आपल्याकडे पेट्रोल-डिझेल नेणाऱ्या रेल्वेच्या वाघिणीत साधारण ७० हजार लिटर मावतं. पंपावर येणारा १२ हजार लिटरचा टँकर धरला, तर एका वाघिणीत असे जवळपास सहा टँकर बसतात. १२ लिटरची टाकी असलेल्या बाइक मोजल्या तर हजार बाइकची टाकी फुल्ल करायला तो एक टँकर पुरतो.

१९११ मध्ये मोडलेल्या त्या ३४ तुकड्यांत फक्त टँकर वाघिणी सांभाळणारी एक कंपनीही होती. युनियन टँक लाइन. ती अजून चालू आहे, सध्या वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे समूहात आहे. अमेरिकेत मालगाड्यांच्या टाक्यांवर यूटीएलएक्स ही तिची खूण आजही रंगवलेली दिसते.

आणि मुंबईतली एचपीसीएलची रिफायनरी? ती १९५४ मध्ये ट्रॉम्बेला सुरू केली स्टॅनव्हॅक या कंपनीने. स्टॅनव्हॅक होती स्टँडर्ड ऑइलच्याच दोन तुकड्यांची भागीदारी. पुढे ती एस्सो झाली आणि १९७४ मध्ये सरकारने ताब्यात घेतल्यावर हिंदुस्तान पेट्रोलियम. हायवेवर एचपीचा टँकर दिसला, तर त्याच्या खानदानाची सुरुवात क्लीव्हलँडमधल्या बिलं तपासणाऱ्या त्या पोरापर्यंत जाते.